कडेवरचं नाव

पदकं दुरुस्त करायचा धंदा मामाकडून माझ्याकडे आला. फिती बदलायच्या, पट्टी नव्याने शिवायची, आणि कुणी जुनी पदकं आणली की ती मुळात कुणाची ते शोधून द्यायचं. लोकांना वाटतं यात काहीतरी भारी असतं. कसलं काय! भिंग लावून लावून मान मोडते आणि शेवटी गिऱ्हाइकाचे शूर आजोबा सैन्यात आचारी निघतात.

त्या बाई भर दुपारी आल्या. वय ऐंशीच्या घरात, पण चाल ताठ. आमच्या दुकानाच्या उंच पायऱ्या कठड्याला हात न लावता चढल्या. रुमालात चार पदकं होती, एकाच पट्टीवर शिवलेली.

वडील लढाईवर गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. वडील परतलेच नाहीत. धाकट्या काकांनी सगळ्यांना सांगितलं, भाऊ लढाई सोडून पळाला. आई ते ऐकत जगली आणि ऐकतच गेली. काकांनी मात्र या एकुलत्या एका पुतणीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्यांना जाऊनही आता जमाना झाला होता. घर विकायचं म्हणून बाईंनी माळा उपसला, तर काकांच्या ट्रंकेत, कोटाच्या अस्तरात ही पदकं सापडली.

"माझ्या वडलांची आहेत का, एवढंच सांग," बाई म्हणाल्या. "पळपुट्याची मुलगी म्हणून जन्मभर मान खाली घातली मी. जाताना तरी वर करू दे."

पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. इथे चारही कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. पण वरच्या कडीखाली कानस पोचत नाही, तिथे नंबरातले शेवटचे आकडे शाबूत होते. बाईंनी पर्समधून एक चमचा काढला. वडील शेवटच्या रजेवर आले तेव्हा घरी विसरलेला सैन्यातला चमचा, दांडीवर नंबर ठोकलेला. आकडे तेच.

बाई चमचा मुठीत धरून नुसत्या हसत राहिल्या. मलाही भरून आलं.

तरी एक गोष्ट पटेना. माणूस चालतो तशी पदकं एकमेकांवर आपटतात, पोचे पडतात. सरळ चालणाऱ्याची दोन्ही अंगांनी सारखीच झिजतात. ही एकाच अंगाने चेचलेली होती. जो कुणी ती लावून वर्षानुवर्षं चालला, तो पाय ओढत चालला होता. वडील लंगडत होते का, मी विचारलं.

"छे. लंगडत काका. डावा पाय, लहानपणापासूनचा. म्हणून तर सैन्याने घेतलं नाही त्यांना."

बोलता बोलता त्या थांबल्या. मग म्हणाल्या की काकांच्या बंद खोलीतून दुपारची किणकिण ऐकू यायची, त्यांना वाटायचं किल्ल्या असतील.

वेगळं काही सांगायला नकोच होतं. पदकं घरी आली असणार, आणि काकांनी भावाचं नाव घासून ती स्वतः मिरवली असणार. बंद दाराआड, एकट्याने.

बाईंना ती लावून बघायची होती. आमच्यात नियम आहे, स्वतःची पदकं डावीकडे, आपल्या गेलेल्या माणसाची उजवीकडे. मामा यात चूक झाली तर खवळायचा. मी बाईंच्या स्वेटरवर उजवीकडे पदकं लावली, पिन बंद केली आणि आरसा आणायला वळले.

परत आले तर डावीकडे.

समोरच्याला लावताना उजवं-डावं होतं, माझ्याच वेंधळेपणाची हद्द, असं म्हणून मी काढली. या वेळी त्यांच्या पाठीमागे उभी राहून लावली. मग आरसा उचलायला वाकले.

पुन्हा डावीकडे. उजव्या बाजूला लोकरीत पिनेची भोकं तशीच होती.

"बाई, तुम्ही सरकवलीत का?"

बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, चमच्याभोवती. माझं मलाच कळेना, मी ही पदकं ओळखून नक्की कुणाच्या हवाली केली.

मग बाईंची मूठ सुटली. चमचा त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्या उठल्या.

"असू दे, पोरी. तिथेच बरी आहेत."

दाराशी जाऊन त्या वळल्या. पदकांवरून त्यांनी तळहात फिरवला, रोजची सवय असावी तसा.

"भाऊ पळाला होता माझा," त्या म्हणाल्या.

मग कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. आधी किणकिण यायची, मग डावा पाय ओढल्याचा आवाज.