कुलदीपने आणलेलं मॉड्यूल

बसा जवळ. तो मोबाइल ठेवा बाजूला. त्यातलं इंटरनेट गावात येतं पंचायतीतल्या पेटीतून. काचेच्या तारेतून येतो नुसता उजेड, आणि पेटीतल्या नेटवर्क कार्डाला उजेड कळत नाही. म्हणून मध्ये खाचेत बोटाएवढं मॉड्यूल बसवतात. ते उजेडाचा करंट करून कार्डाला देतं. ते नसलं की तार धड, कार्ड धड, तरी दिवा लागत नाही. मी पंचायतीचा शिपाई, मला माहीत आहे.

मागच्या वर्षी तेच जळालं. माझ्या साडूचा पोरगा प्रविण, भंडाऱ्याला इंटरनेटच्या कंपनीत सुपरवायझर. भर पुरात त्याने लाइनमन कुलदीपला फोन केला, "आत्ताच जाय!" कुलदीपने मॉड्यूल खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलं, दोन रबर लावले. नेहमी तसंच न्यायचा. नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, वाहून गेला बिचारा. आणि प्रविणने लिहून दिलं, 'आम्ही पाठवलं नव्हतं.'

कुलदीपची बायको डिंपल प्रविणच्या दारात बसून राहायची. "तुमीच पाठवलं होतं ना त्याईले? एवढंच लिहून द्या, साहेब. काहून लिहत नाही?"

नाही लिहिलं. नोकरी वाचवली लेकाने.

यंदा सोळा ऑगस्टला, रात्री पावणेबाराला, पुन्हा दिवा विझला. पावसात जायला कोणी तयार होईना. प्रविण स्वतः निघाला. कारध्याचा पूल ओलांडला, रपटा ओलांडला. पंचायत उघडून आतून कडी लावली. जळालेलं मॉड्यूल काढून खिशात टाकलं. नव्यासाठी बॅगेत हात घातला. नव्हतं. घरीच राहिलं होतं.

दारावर थाप पडली.

"सर, दरवाजा खोला. मॉड्यूल घेऊन आलो."

प्रविण हलला नाही.

लाइट गेली. पेटी तेवढी बॅटरीवर. कडी तशीच... आणि पावलं आत. ओली पावलं. पेटीपर्यंत.

खट्.

हिरवा दिवा लागला.

"उशीर झाला, सर... नाल्याले पूर होता."

ओली पावलं प्रविणकडे वळली.

"तुमीच पाठवलं होतं ना मले? सांगा ना..."

सकाळी आम्ही दार तोडलं. प्रविण कोपऱ्यात बसलेला, दातखीळ बसलेली. पुढे बरा झाला, सगळं मला सांगितलं. पण लिहून मात्र अजून दिलं नाही. एवढं होऊनही नाही! त्याच्या घरचं पाणी पीत नाही मी.

पेटीजवळ एक पन्नी पडली होती, दोन रबरांसकट. मी ती डिंपलला नेऊन दिली. तिने ओळखली. अंगणातल्या तारेवर वाळत घातली.

दसरा झाला, दिवाळी झाली. ती पन्नी अजून ठिबकते.