गुरुवारी थंड पडणारी अंडी

गुरुवारी तळवड्यात सकाळपासूनच घाई असते. दुरुस्तीसाठी वीज जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे जे काही विजेवर होतं ते आधीच उरकावं लागतं. त्या गुरुवारीही अनुयाच्या आईने चटणी वाटून मिक्सर पुसून ठेवला. कारखान्याला सुट्टी असलेल्या बाबांनी इस्त्री आटोपली. सलिलकाकाने गीझरमधलं सगळं गरम पाणी एकट्याने संपवलं आणि लॅपटॉप घेऊन तो हॉलमध्ये बसला.

दिवाळीची सुट्टी असूनही अनुया केव्हाच तयार होती. तिचा मित्र ओंकार जिना चढून वर आला, तेव्हा ती गॅसवर पाण्याचं पातेलं चढवत होती.

"काकाला कळलं?" ओंकारने कुजबुजत विचारलं.

"त्याला मीटिंगपलीकडे काही कळत नाही. बाटल्या आण."

हॉलच्या कोपऱ्यात काकाने विकत आणलेलं अंडी उबवण्याचं मशीन होतं. चकचकीत, पिवळं, वर आकडे दाखवणारा पडदा. आतली अंडी मात्र कस्तुराआजीची होती. इमारतीमागच्या जुन्या गावठाणात राहणाऱ्या या आजीची काळी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. एका पहाटे कुत्र्यांनी तिला ओढून नेलं. अंडी मागे राहिली, अजून ऊबदार. तेव्हा अनुया आणि ओंकारने ओंकारच्या बाबांच्या कंपनीतून आलेल्या थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी बसवली. दोन दिवस खटपट करून त्यांनी आतलं तापमान स्थिर केलं.

"यात पिल्लं नाही, ऑम्लेट होईल," असं म्हणून काकाने मशीन मागवलं आणि सगळी अंडी त्यात हलवली. आईबाबांनाही मशीनच पटलं.

खोका मात्र दोघांनी मोडला नाही. गॅलरीत तो रिकामाच गरम ठेवला. काका येता-जाता विचारायचा, "काय गं, आज हवा उबली का?"

मग गेल्या गुरुवारी संध्याकाळी अंडी हाताला थंड लागली. पडद्यावर तापमान बरोबर होतं. अंधाऱ्या बाथरूममध्ये अंड्यांना मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं, तेव्हा आतली पिल्लं हलली, म्हणून अंडी फेकली गेली नाहीत. काकाने जाहीर केलं, "मशीनच खराब निघालं. पुन्हा थंड पडली तर अंडी फेकायची आणि मशीन परत. आजीला चाकणहून नवी पिल्लं आणून देऊ."

"आजीला नवी नकोत, त्या कोंबडीचीच हवीत," अनुया म्हणाली होती.

"अनुया, हट्ट पुरे."

पण ओंकारच्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती. "गेल्या गुरुवारी पडद्यावरचे आकडे लुकलुकत होते," तो म्हणाला. "नवं मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हाच तसं झालं होतं. म्हंजी मधे कुणीतरी ते बंद केलं होतं की."

आज ते दोघे म्हणूनच सज्ज होते. अनुयाचा धाकटा भाऊ मिहिर हॉलच्या दाराशी रंगपेट्या पसरून पहारा देत होता.

वीज गेली. इन्व्हर्टर लागला. थोड्याच वेळात मिहिर धावत आला.

"ताई, काकाने मशीनची पिन काढली!"

हॉलमध्ये इन्व्हर्टरवर चालणारा एकच सॉकेट होता. काकाच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, आणि दोन्ही जोडलं की इन्व्हर्टर ओरडत असे. काकाने मशीनच्या जागी लॅपटॉप लावला होता आणि कानात हेडफोन घालून तो बोलत होता, "येस, येस, आय ॲम हिअर."

"सांगायचं का त्याला?" ओंकारने विचारलं.

"सांगितलं तर म्हणेल, पाच मिनिटांनी काय होतंय. त्याच्या मीटिंगा संध्याकाळपर्यंत चालतात." अनुयाने ओढणी कमरेला खोचली. "अंडी हलवू. ओरडा खायचा तर मी खाईन."

"तूच का? माझे बी कान हायत."

काकाच्या पाठीमागून त्यांनी एकेक अंडं उचललं, टोपलीतल्या पंच्यावर ठेवलं आणि गॅलरीत नेलं. खोक्यातला बल्ब आता विझलेला होता, पण कडेला टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या होत्या. अनुयाने थर्मामीटर पाहिला आणि झाकण लावलं. दिवसभर दोघांनी आळीपाळीने बाटल्या बदलल्या. रिकाम्या मशीनचं झाकण मात्र नीट बंद होतं.

संध्याकाळी वीज आली, तोवर काकाने पिन पुन्हा जागच्या जागी लावली होती. कस्तुराआजी अंडी पाहायला आली तेव्हा आईबाबाही हॉलमध्ये होते.

"आजी, वाईट वाटतं," काका म्हणाला, "पण मशीनमध्ये बिघाड आहे. दिवसभर चालू होतं, तरी बघा, अंडी थंड..."

त्याने झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

"व्हय रं, लईच थंड झाली जणू," आजी म्हणाली.

बाबांना हसू आवरेना. अनुया पुढे झाली. 

"मशीन चांगलं आहे, काका. गेल्या गुरुवारीही चांगलंच होतं. तू त्याची पिन काढून लॅपटॉप लावतोस. अंडी आमच्या खोक्यात आहेत, ऊबदार."

"अगं, थोडा वेळच तर..."

"संध्याकाळपर्यंत," मिहिर म्हणाला. "मी बघितलं."

काकाचे कान लाल झाले. "बरं. तुमचा खोका जिंकला. मशीन खराब म्हणून मी परत पाठवतो, म्हणजे झालं."

अनुयाला गप्प राहता आलं असतं. इतके दिवस तिला हेच तर ऐकायचं होतं.

"परत पाठव," ती म्हणाली, "पण खराब म्हणून नको. ते खराब नाही."

आजी गॅलरीत गेली, खोक्याच्या झाकणावर तळवा टेकवून उभी राहिली. "खुडूक कोंबडीबी दाणा टिपाया उठती," ती म्हणाली. "ही पोरं न्हाई उठली." बाबांनी खोका उचलून हॉलमध्ये आणला आणि आईने त्यासाठी टीपॉय रिकामा केला.

काकाने फोनवर लिहायला घेतलेली मशीनची तक्रार खोडली, उठून मशीनमध्ये पाणी भरलं, तापमान लावलं आणि त्याची पिन भिंतीत घातली.

पुढच्या गुरुवारी सगळे उठायच्या आत काका लॅपटॉप पिशवीत घालून ऑफिसला निघून गेला होता; इन्व्हर्टरचा सॉकेट त्याने मोकळा सोडला होता.