दादाच्या वाटणीची प्रदक्षिणा

हिमालयातल्या त्या पर्वताला प्रदक्षिणा घालायची, ही कल्पना मुळात दादाची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कित्येक महिने मी ती माझीच असल्यासारखी मिरवत होतो.

दादाची बेकरी आहे. देवदेव करणाऱ्यांतला तो नव्हे. पण त्या पर्वताच्या माथ्यावर कोणी पाय ठेवत नाही, लोक नुसते त्याच्याभोवती चालून माघारी येतात, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि ते त्याच्या मनात घर करून बसलं. एवढा मोठा डोंगर आणि त्याला जिंकायला कोणी जात नाही, असं तो पावाच्या लाद्या सोडवता सोडवता आपल्याशीच बोलायचा. शेवटी एका दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत, पीठ मळायच्या लांब टेबलावर, आम्ही तिघा भावंडांनी नकाशा पसरला. थोरला दादा. मधला मी, चष्म्यांचं दुकान चालवणारा, म्हणून दादाच्या तोंडी कायमचा 'चष्म्या'. आणि धाकटी, जी तरणतलावावर पोहायला शिकवते आणि घरात कोणालाच भीत नाही.

पहिल्या दिवशी मी फक्त नकाशाची घडी उलगडून दिली होती. महिन्याभरात सगळी आखणी माझ्या हातात आली. भिंगं घासून चौकटीत बसवणाऱ्या माणसाला बारीक कामाची हौस असतेच. मी तीन रंगांच्या शाईत मोठा तक्ता केला. पहिला दिवस नदीच्या खोऱ्यातून. दुसरा, पर्वताच्या उत्तरेकडच्या दगडी खोपीपर्यंत. तिसरा, साडेपाच हजार मीटर उंचीची खिंड. चौथा, खाली उतरून परत. परवाने, बूट, दोर, औषधं, मोज्यांचे जोड, सगळ्याला रकाने होते. तो तक्ता दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही मी दाखवत असे.

सरावासाठी दर रविवारी आम्ही पाण्याच्या टाकीचा जिना चढायचो. दोनशे बारा पायऱ्या, पाठीवर भरलेल्या बाटल्यांची पिशवी. मी घड्याळ लावायचो. मला साडेचार मिनिटं लागत, धाकटीला पाच, दादाला दहा. दादा अंगाने भरलेला, पाय जड. तो एकेक पायरी अशी चढायचा, जणू प्रत्येकीला भेटून पुढे जातोय. एक गोष्ट मात्र मी तेव्हा पाहिली आणि तक्त्यात लिहिली नाही: तो मध्ये कधीच थांबत नसे. मी वर पोचून कठड्याला धरून धापा टाकत असायचो. दादा यायचा तो बोलत यायचा.

मी हिशेब मांडला. दादाच्या चालीने चार दिवसांचे सहा होणार होते. तंबूचे मुक्काम वाढणार, परवान्याची तारीख बदलावी लागणार, माझे रकाने विस्कटणार! त्याला बरोबर न्यायचं म्हणजे सगळं पुन्हा आखायचं, आणि सगळ्यांत मागे चालणाऱ्याबरोबर चालायचं. मला पुढे चालायचं होतं.

परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागे. तिघांची तपासणी झाली आणि दाखले आणायला मी गेलो, कारण दादाला बेकरी सोडता येत नव्हती. दवाखान्याच्या जिन्याखाली उभं राहून मी दादाचा कागद वाचला. 'प्रवासास योग्य. सावकाश चालावे.' मी तो पुन्हा वाचला. मग त्याची चौघडी घालून खिशात ठेवली आणि सरळ बेकरीत गेलो.

दादा भट्टीतून पावांचे पत्रे ओढत होता. डॉक्टर नको म्हणतायत, हृदय एवढी उंची झेपणार नाही म्हणतात, असं मी त्याला सांगितलं. त्याने पत्रा टेबलावर ठेवला, हात पुसले.

"तू नीट विचारलंस ना?"

"दोनदा विचारलं."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. मग, दोघांनाच जायचं तर दोर कमी लांबीचा चालेल का, हे त्याने मला विचारलं. पुढच्या आठवड्यात त्याने आपलं जाड जाकीट मला आणून दिलं, कारण माझं पातळ होतं. दोनदा भाजलेले, महिनाभर न बिघडणारे टोस्ट डबे भरून दिले. आणि निघायच्या दिवशी धाकटीला म्हणाला, "खिंडीत पोचलात की माझ्या वाटणीचं थोडा वेळ उभं राहा."

मी पाठ वळवून पिशवीचे बंद आवळत राहिलो.

*

आमची वाटाडी पन्नाशीची बाई होती. आम्ही तिला काकी म्हणायला लागलो. आमची भाषा ती मोडकीतोडकी बोलायची, पण तिचा पहिला नियम स्वच्छ होता: पुढे ती चालणार, तिला कोणी ओलांडायचं नाही. सामान तिच्या याकच्या पाठीवर. मी तक्ता काढून तिला आमचे मुक्काम दाखवले. तिने तो नीट पाहिला, घडी करून परत दिला आणि याकला हाक मारली.

पहिल्याच दुपारी खोऱ्यातला ओढा आडवा आला. सकाळी घोटाभर असणारं पाणी, वरचं बर्फ वितळून मांडीपर्यंत चढलेलं. लाकडी साकव वाहून गेला होता. काकी दोर घेऊन पलीकडे गेली. मग धाकटी उतरली. पाण्याशी तिचं जन्माचं नातं. ती तिरकी होऊन, प्रवाहाकडे तोंड करून, एकेक पाय सरकवत गेली. माझ्या मात्र मधोमध पायाखालचा दगड निसटला. मी पडलो! पाणी छातीवर आदळलं. हाताला दोर लागत नव्हता. धाकटी पुन्हा आत शिरली, माझी कॉलर धरली आणि मला पोत्यासारखं काठाला ओढून काढलं.

"दादा असता तर पडला नसता. तो पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलत नाही," ती हसत म्हणाली.

मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एक वळण संपलं आणि पर्वत समोर आला. याआधी मी त्याची शंभर चित्रं पाहिली असतील. पण समोर होता तो काळा, उभा, थरांथरांचा दगड, त्यावर पांढऱ्या बर्फाचे आडवे पट्टे, आणि माथ्यावरून एका बाजूला ओढल्यासारखा लांबट ढग. इतका जवळ की मान वर करावी लागत होती, आणि इतका निवांत की आपण आल्याची त्याला काही खबर असण्याचं कारणच नव्हतं. वारा पडला होता. याकच्या गळ्यातली घंटासुद्धा वाजत नव्हती. धाकटी खाली बसली. काकीने डोक्यावरचं फडकं काढलं. मी घड्याळ पाहिलं. तक्त्यापेक्षा आम्ही चाळीस मिनिटं मागे होतो.

तिथून पुढे मी काकीचा नियम मोडला. तिला ओलांडून पुढे निघालो. घसाऱ्याच्या उतारावर माझ्या पावलांनी दगड सुटले आणि खालच्या वाटेवर कोसळले. थोडक्यात याक वाचला! काकीने याकचे पाय चाचपून पाहिले. मग मला मागे सारून पुन्हा पुढे झाली.

त्या संध्याकाळी खोपीत पोचल्यावर डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे, उंची लागल्याचं, कवटीच्या आत कोणी मोगरी मारतंय असं. मी खडकाआड जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि परत येऊन भूक नाही म्हणालो. काकीने विचारलं, डोकं कसं आहे? छान आहे, मी म्हणालो. एकदा जिभेला सवय लागली की खोटं फार सहज येतं.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही खिंडीकडे निघालो. तासाभरात बर्फ पडायला लागलं. आधी भुरभुर, मग दाट, मग आडवं. वाट दिसेना. काकीच्या पावलांचे ठसे पाहत चालायचं. पाच पावलं, थांबा. पाच पावलं, थांबा. माझ्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला मी वाकलो आणि गाठ कशी मारतात तेच आठवेना! रोज केसाएवढे स्क्रू बसवणारा मी, हातातल्या नाडीकडे बघत बसलो होतो.

काकी मागे आली. तिने काठीने बर्फात सरळ रेघ ओढली आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्याला मी आडवा झालो.

"खाली. आत्ता," काकी म्हणाली.

ढग क्षणभर फाटला आणि खिंड दिसली. दोन उभ्या खडकांमधली पांढरी कमान. तासाभराची वाट, फार तर. मला खालच्या दगडी आडोशाला बसवून तुम्ही दोघी जाऊन या, असं मी म्हणालो. निदान म्हणण्याचा प्रयत्न केला, शब्द जड जिभेवरून घरंगळत होते. काकीने मान हलवली. "तू झोपशील. मग उठणार नाही."

धाकटी खिंडीकडे बघत होती. तिच्या पापण्यांवर बर्फ साचलं होतं. तिचे पाय ताठ होते, श्वास नीट होता. तिच्यासाठी ती खिंड म्हणजे तरणतलावाची एक फेरी. ती वळली. दोराचं एक टोक तिने माझ्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या.

मग उतरण सुरू झाली. काकी पुढे, मी मध्ये, धाकटी मागून दोर ताणून. मी पडायचो. ती उठवायची. मी बसायचो. ती उठवायची. एकदा मी तिला शिव्या दिल्या म्हणे; मला आठवत नाही. वाऱ्याने माझा एक हातमोजा उडवून नेला, तिने आपला काढून मला घातला. घसाऱ्यावर काकीने मला याकच्या शेपटीला धरायला लावलं आणि ते मुकं जनावर पाय चाचपत, अजिबात घाई न करता, मला खाली घेऊन आलं.

दुपार कलायच्या सुमारास आम्ही पहिल्या दिवशीच्या ओढ्याजवळच्या मेंढपाळांच्या रिकाम्या खोपीत पोचलो. दीड हजार मीटर खाली. डोक्यातली मोगरी मंदावली, आकार पुन्हा आकारासारखे दिसायला लागले. काकी चहाचं पाणी ठेवायला बाहेर गेली. धाकटी आपला उघडा पडलेला हात काखेत धरून बसली होती. बोटं पांढरी पडली होती.

"दादाच्या वाटणीचं उभं राहायचं राहिलं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मला सोसलं नाही.

मी तिला सांगितलं. दवाखान्याचा जिना, कागद, 'सावकाश चालावे', माझे रकाने. सगळं. मी जाकिटाच्या बाहीकडे बघत बोलत होतो, आणि बाही दादाची होती.

ती उठून बाहेर गेली. दारातून मला दिसत होतं, ती याकच्या मानेवर कपाळ टेकून उभी होती. बऱ्याच वेळाने आत आली, माझ्या कमरेची गाठ तपासली आणि हवी त्यापेक्षा घट्ट आवळली.

"चल. ओढा ओलांडून अजून खाली जायचंय."

पाण्यात तिने माझा हात एकदाही सोडला नाही. घरी पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

*

घरी आल्यावर मी दुकान न उघडता आधी बेकरीत गेलो. दादा मागच्या खोलीत पिठाचे गोळे तोडत होता. मला वाटलं होतं, धाकटीने सांगितलं असेल. तिने सांगितलं नव्हतं. ते काम तिने माझ्यासाठीच ठेवलं होतं.

मी उभ्यानेच सांगितलं. दादाचे हात चालूच होते. गोळे एकसारखे, एकाशेजारी एक. सगळं ऐकून झाल्यावर त्याने टेबलावरचं पीठ पुसलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.



मी खोटं बोललो त्याच्या चौथ्या दिवशी तो स्वतः डॉक्टरांकडे गेला होता. हृदयाला काही औषध घ्यायचं का, हे विचारायला. डॉक्टर चकित झाले. तुम्ही ठणठणीत आहात, म्हणाले. दादा घरी आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी टोस्ट भाजायला बसला.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलणार? तुला मी नको होतो. कागद दाखवून मी हवासा झालो असतो का?"

त्याने ते इतक्या साधेपणाने विचारलं की मी खाली बसलो. पिठाच्या पोत्यावर बसून, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मी लहान मुलासारखा रडलो. दादाने मला थोपटलं नाही. त्याने गोळे पत्र्यावर मांडले आणि पत्रा भट्टीत सारला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी मी आणि धाकटी जातो. आखणी तू कर. तुझ्याइतकी चांगली कोणाला जमणार नाही. पण तू यायचं नाहीस."

मी हो म्हणालो.

मी ती आखणी केली. आठ दिवसांची. रोजची चाल दादाला झेपेल एवढीच, दोन दिवस निव्वळ विसाव्याचे, ओढा कायम सकाळी ओलांडायचा. काकीला निरोप धाडला, आणि पहिल्या ओळीत लिहिलं की पुढे तूच चाल, माझा थोरला भाऊ तुला ओलांडणार नाही. वर्षभर दर रविवारी टाकीचा जिना दादाच्या मागून चढलो, घड्याळ न लावता. ते निघाले तेव्हा बेकरीच्या दारात उभा राहून हात हलवला. गिऱ्हाईक विचारायचं, तुम्ही नाही गेलात? मी म्हणायचो, मागच्या वेळी मीच सगळं बिघडवलं. कोणी पुढे विचारत नसे.

त्यांच्या प्रदक्षिणेच्या पाचव्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. एका आजींच्या चष्म्याची काडी बसवत होतो. धाकटी होती. गेल्या वर्षानंतर ती माझ्याशी एवढं मोकळं पहिल्यांदाच बोलत होती. खिंड पार झाली होती. वाटेत सगळ्यांनी त्यांना मागे टाकलं, म्हाताऱ्यांनीसुद्धा. दादा एकदाही थांबला नाही. वर पोचल्यावर तो बराच वेळ उभा राहिला. वारा वाढला तशी काकी त्याला चला म्हणाली. तरी तो हलेना.

"मी विचारलं, झालं ना दादा? तर म्हणाला, माझं झालं. आता चष्म्याच्या वाटणीचं."

मी फोन ठेवला. आजी हात पुढे करून वाट बघत होत्या, आणि मला स्क्रू दिसत नव्हता.