दोन चांदण्यांचा चाकू

लग्नघर म्हणजे सकाळपासून नुसता गलका. नेरडीगोंड्याच्या अलीकडच्या वस्तीत उत्तमरावांच्या दारी मांडव घातला होता आणि त्यांचा मुलगा, नवरदेव अमर, शेतातल्या देवाला लग्नाचं बोलावणं द्यायला गेला होता. सुपारी ठेवायची, हात जोडायचे, परत यायचं. पण बाप्पा, रिकाम्या हातानं येईल तर तो अमर कसला! देवाच्या दगडावर पडलेला जुना घडीचा चाकू उचलून घेऊन आला.

"घे ताई, तुया धंद्याचा माल," तो बहिणीला म्हणाला.

प्रतिभाचा खरंच तो धंदा. जुने घडीचे चाकू विकत घ्यायचे, घासूनपुसून शौकीन लोकांना विकायचे. पातं मुठीत शिरतं तिथं कारखान्याचा छाप असतो, त्यावरून ती चाकूचं वय सांगायची. तिनं हात पुढे केला, तेवढ्यात मागून जयवंताबाई आत्यानं किंकाळी फोडली.

"माय व! हा तर चंपतचा चाकू!"

मांडवातली वाजंत्री थांबली. चंपतराव म्हणजे उत्तमरावांचा धाकटा भाऊ. पस्तीसेक वर्षांमागे त्याला हळद लागली आणि तशाच पिवळ्या अंगानं भर दुपारी तो शेताकडे गेला. हळद लागल्यावर नवरदेवानं हातातलं लोखंड अक्षता पडेस्तोवर सोडायचं नाही, असा इकडचा रिवाज. चंपतरावाच्या हातातही असाच मोर छाप चाकू होता. पुढे ना माणूस सापडला, ना चाकू. कपाशीच्या तासांत हळदीचे ठिपके तेवढे दिसले, ते देवाच्या दगडापर्यंत जाऊन संपले होते.

"लग्न थांबवा," आत्या म्हणाली. "देव आता दुसरा नवरदेव मागून राह्यला…"

उत्तमरावांनी कपाळाचा घाम पुसला. "बेज्जूरवाल्याईले फोन लावू काय?"

अमरचं तोंड एवढंसं झालं. बेज्जूरच्या मीनलसाठी तो घरच्यांशी किती भांडला होता! आज लग्न मोडलं तर ते पुन्हा जुळणार नव्हतं, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

"कोणी कोणाले फोन लावाचा नाई," प्रतिभा म्हणाली. "चाकू इकडे द्या. काकाचा निघाला तर मीच लग्न मोडीन. नाई निघाला तर आत्या, तुमी एक शब्द बोलाचा नाई."

पोरगी हट्टी, एकदा बोलली म्हणजे बोलली. चाकू घेऊन ती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि चिंचेच्या पाण्यानं गंज उतरवायला बसली. ओल्या मातीसारखा वास सुटला.

हिशोब सरळ होता. मोर छाप चाकू निर्मल गावच्या कारखान्याचे, आणि त्यांचा छाप आधी नुसता मोर. चंपतराव गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मालकाचा मुलगा कारभार बघायला लागला, तेव्हा मोराखाली एक चांदणी आली. मोर एकटा असला तर चाकू काकाचा. चांदणी असली तर नव्हे.

गंजाखालून आधी पिसारा आला. मग पाय. मग… चांदणी!

"सुटलो रे देवा," ती पुटपुटली. आणि अंगठा अजून एकदा फिरला, तसा चांदणीशेजारून दुसरी चांदणी वर आली.

दोन चांदण्या तिनं कधीच पाहिल्या नव्हत्या. तिनं कारखान्यातल्या रामाजींना फोन लावला. ते पात्यावर छाप मारणारे म्हातारे ठसेवाले, तिच्या रोजच्या ओळखीचे.

"दोन चांदण्या?" रामाजी म्हणाले. "तुमाले कोणं सांगितलं, बाई? तो ठसा तर काल बनून आला. अजून त्याचा डबा मी उघडला नाई…"

"उघडा. आणि फोटो पाठवा."

फोटो आला. मोर तोच. दुसऱ्या चांदणीचं एक टोक तुटलेलं. तिनं भिंगातून चाकूवर पाहिलं. इथंही तेच टोक तुटलेलं होतं.

भीती वाटली का? वाटली ना. पण भिऊन बसेल तर प्रतिभा कसली! ती पातं निरखत राहिली. धार लावून लावून ते निम्मं झिजलं होतं. वीसपंचवीस वर्षं हातात खेळल्याशिवाय पातं असं झिजत नाही. आणि झीज उलट्या बाजूला, म्हणजे धार लावणारा डावखुरा होता. घरात डावखुरा एकटा अमर.

म्हणजे हा चाकू अजून बनायचा होता. अमर तो घेणार होता, वर्षानुवर्षं वापरणार होता. म्हणजे अमर जगणार होता! तिला रडूच फुटलं, आनंदाचं.

डोळे पुसून ती बाहेर आली. "काकाचा नाई. ते गेले तवा हा छापच नोता."

"देवाशपथ?" आत्यानं विचारलं.

"देवाशपथ."

वाजंत्री सुरू झाली. दुपारची जेवणं आटोपली, तशा बायका हळद कालवायला तेल मागू लागल्या. प्रतिभा खोलीत परतली, चाकूची घडी घालू लागली, तर सांध्यात बोटाला काही ओलं लागलं. तिला वाटलं, तेल असेल. उजेडात धरलं. पिवळं होतं. हळद. ताजी, अजून कोमट. घरची हळद तर अजून कोरडीच होती…

हळदीच्या हातात चाकू कोण धरतो? नवरदेव. अमरच्या हातून झिजलेला चाकू पुढे कोणा नवरदेवाच्या हातात जाणार? अमरचा लेक. अजून जन्मालाही न आलेला. तोही काकासारखा दगडापर्यंत जाणार होता, आणि चाकू तिथं सुटणार होता.

तिनं पुन्हा फोन लावला, अर्धा तास तो लागलाच नाही, मग लागला. "रामाजीकाका, तो ठसा वापरू नका. मोडून टाका."

"टोक तुटकं आहे म्हणून? परत धाडणारच होतो. पण तुमचा फोन आला, डबा उघडला, म्हटलं मारून तर पाहू. एकच चाकू मारला. अमरच्या लग्नाचा आहेर म्हणून लगेच बसनं देल्ला. डायवर ओळखीचा आहे… पोचला नाई काय अजून?"

ती मांडवाकडे धावली. अमर पाटावर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. डाव्या हातात नवाकोरा चाकू, टोकाला लिंबू.

"अमर, टाक तो! दे मले!"

आत्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "येडी झाली काय? हळदीच्या नवरदेवाच्या हातचं लोखंड हिसकून राह्यली! अक्षता पडेस्तोवर तो सुटणार नाई आता."

अमर हसला. "काऊन भेतं ताई? नवा आहे. जपून वापरीन, पोराच्या लग्नालेही हाच देईन."

"मी असेन तोवर त्या पोराले शेताकडे जाऊ देणार नाई," प्रतिभा म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही, वाजंत्री जोरात होती. तिच्या मुठीत मिटलेल्या जुन्या चाकूतून कोमट हळद मनगटावर ओघळत राहिली.