मनूचे काजवे आणि अंबूबाईची सुई

कोरेगावच्या नाथाजीची मनू सांगलीच्या स्टेशनावर एका परक्या माणसाच्या ट्रंकेवर धपकन बसली, आणि वर त्यालाच म्हणाली, "जरा सरका की!"

करणार काय बिचारी! गाडीची शिट्टी झाली, गर्दी उसळली, वडील दिसेनासे झाले—आणि डोळ्यांपुढे काजवे नाचू लागले. जीव घाबरला की हे असंच. अर्धं जग लखलखायचं, उरलेलं अर्धं गायब! या काजव्यांपायी दोन स्थळं मोडली होती. मुलगी पाहायला आलेली माणसं नजर तपासायला सुईत दोरा ओवायला लावत, आणि सुई हातात आली की काजवे हजर. आईने दृष्ट काढली, मावशीने डोळ्यांत मध घातला. आज सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. धास्ती सोडा." सोडा म्हणे! धास्ती काय पायातली वहाण आहे? मनूला नुसता वैताग आला होता.

"काजवं का?" ट्रंकेचा मालक हळूच म्हणाला.

ती दचकली. "तुमास्नी कसं कळलं?"

"लढाईवरनं आल्यापास्नं मला बी दिसत्यात. त्येंच्याशी भांडू नगा. सावकाश श्वास सोडा... आल्या वाटंनं जात्यात."

काजवे खरंच विरले. समोर उन्हाने रापलेला एक तरणा शिपाईगडी उभा होता. गाडी मात्र निघून गेली होती.

"आमची चुकली ती चुकली, तुमी का ऱ्हायला?"

"ट्रंकेवर तुमी बसला. उठवू कसं?"

मनूने ठसक्यात मान वळवली... आणि पुन्हा चोरून पाहिलंच. तेवढ्यात नाथाजी धापा टाकत आले. गाव, कूळ, पाहुणे, सगळ्या चौकश्या झाल्या. गडी तासगावचा, नाव हंबीरराव. लवकरच त्याला घेऊन त्याच्या घरची माणसं मुलगी पाहायला कोरेगावात आली.

आता खरी पंचाईत झाली. पहिली स्थळं मोडली तेव्हा मनू मनातल्या मनात 'सुटले!' म्हणाली होती. पण हे मोडलं तर? तिला हाच हवा होता!

हंबीररावाची आत्या अंबूबाई मोठी खमकी. चहा संपतो न संपतो तोच तिने सुई पुढे केली. "ओव बघू, पोरी."

काजवे आले. दोरा एकीकडे, सुई भलतीकडे.

"पोरीला दिसत न्हाई वाटतं," अंबूबाईने नाक मुरडलं.

"आत्ती, आण इकडं." हंबीररावाने सुई घेतली. त्याचाही दोरा हुकला, पुन्हा हुकला. "मला बी जमंना."

"लढाईत बंदूक धरलीस, आन् सुईला भ्यालास व्हय रं?"

"सुईला न्हाई." तो कानापर्यंत लाल झाला. "ही न्हाई म्हनंल—त्येचं भ्या वाटतंय."

मनूचा पारा चढला. "दोरा मागनं ओवीन! आदी मला ह्यास्नी नीट बघू द्या. मगाधरनं अर्धंच दिसत्यात!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. नाथाजीने कपाळावर हात मारला. मनूने कुणाचीच पर्वा केली नाही. तिने सावकाश श्वास सोडला, काजवे विरू दिले... मग मान वर केली आणि हंबीररावाकडे भर बैठकीत, डोळे भरून पाहिलं.

"मला पसंत हाय," ती म्हणाली. "आता तुमच्याकडचं सांगा."