लायरची उत्तरपूजा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मीही हसण्यावारी नेलं असतं. पण हे माझ्याच घरात घडलंय. गेल्या दसऱ्याला, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत... तेही भर दुपारी.

मी श्रीनिवास, इथल्या खाणीत इंजिनिअर. बायको मेधा डॉक्टर. लेक इरावती सात वर्षांची.

इरावतीसाठी मेधाने ऑप-शॉपमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, एक जुनी लायर आणली होती. प्राचीन ग्रीक चित्रांत दिसतं ते वाद्य. दोन वाकड्या शिंगांमध्ये ताणलेल्या तारा. दसऱ्याला आम्ही ती पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं.

वीणेची सरस्वती. पण लायरची कोण?

मेधाला मंत्र येत नाहीत. हात जोडून ती सरळ मराठीत म्हणाली, "हे वाद्य जिचं असेल, तिने इथे येऊन बसावं."

"पत्ता तरी दे तिला," मी चेष्टा केली. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

पूजेतलं वाद्य त्या दिवशी वाजवत नाहीत. लायर तशीच ठेवून आम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलो.

आणि हॉलमधून आवाज आला...

टण्ण.

एकच तार.

"वारा असेल," मी म्हणालो. पण एसी चालू होता, खिडक्या बंद होत्या.

पुन्हा... टण्ण.

मग दुसरी तार. मग तिसरी. कोणीतरी सावकाश वाजवू लागलं.

मी हॉलमध्ये धावलो. कोणी नव्हतं. तारा मात्र थरथरत होत्या.

"श्री, इकडे ये... लवकर," मेधाने स्वयंपाकघरातून हाक मारली.

इरावती ताटासमोर ताठ बसली होती. डोळे उघडे, पण आम्हाला बघत नव्हते. तिची बोटं हवेत तारा छेडत होती. लायरला हातही न लावता बोटांवर लाल वळ उठले होते.

मेधाने तिची नाडी धरली. मेधाचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाडी या सुरांबरोबर चाललीय, श्री."

आणि सूर... मंदावत होते.

"उत्तरपूजा कर," मेधा कुजबुजली. "मी बोलावलंय तिला. तू पाठव."

मी पुन्हा हॉलमध्ये धावलो. घाईत अर्ध्या अक्षता जमिनीवरच सांडल्या. उरलेल्या लायरवर टाकल्या आणि पाट जरा सरकवला. "जा," मी म्हणालो. "पाया पडतो, जा."

सूर थांबले.

त्या क्षणी वाटलं, नाडीही...

"ममा, माय फिंगर्स हर्ट," स्वयंपाकघरातून इरावतीचा आवाज आला. मी मटकन खाली बसलो आणि रडलो.

ती आपणहून माझ्याजवळ आली. तिला पूजेतलं ठाऊक काय, तर दरवर्षीचं गणपती विसर्जन. लायरपुढे तिने हात जोडले. आम्ही अडवायच्या आत म्हणूनही टाकलं...

"पुढच्या वर्षी लवकर या."

लायर मी त्याच संध्याकाळी गावाबाहेर नेऊन पुरली. वर्षभर काही झालं नाही.

आता दसरा तोंडावर आलाय. आम्ही पर्थला जायचं ठरवलंय. काल इरावतीला तसं सांगितलं.

ती जरा विचारात पडली.

"बट बाबा... देन हू विल लेट हर इन?"