न आणलेली डिस्क

दिवा राहू दे तसाच. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका. ही गोष्ट माझ्या मानलेल्या भाच्याची. त्यानंच माझ्यापाशी बसून सांगितली, आणि खोटं रचायची ताकद काही त्याच्यात उरली नव्हती, इतका दमला होता बिचारा.

दवाखान्यातले संगणक सांभाळायचं त्याचं काम. तिथं एक मशीन होतं, म्हणजे हात लावायला नाहीच, मोठ्या संगणकाच्या पोटातलं लेकरू म्हणा. रोज रात्री ते घरोघरच्या आजाऱ्यांना फोन करायचं, "औषध घेतलंत का?" आणि ते काय बोलतात ते जपून ठेवायचं. त्याच्या डिस्क तीन. एकीत मशीनचा जीव, दुसरीत आजाऱ्यांची यादी, तिसरीत त्यांचे आवाज. दर शुक्रवारी या सगळ्याचा बॅकअप काढायचे, म्हणजे हुबेहूब नक्कल.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी साहेब म्हणाले, "जुना बॅकअप उठतो का, म्हणजे पुन्हा चालू होतो का, तेवढं आज बघून टाक."

"साहेब, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"मग तिसरीनं काय बिघडतंय?" हसत हसत निघून गेले.

भाच्यानं हाताला आला तो शुक्रवार घेतला, आठ महिन्यांपूर्वीचा. त्यातल्या दोनच डिस्क निवडल्या. आवाजांची तिसरी अवाढव्य, ती आणायची तर तिथंच उजाडलं असतं.

अशी नक्कल उठवताना एक जपायचं असतं. फोनची लाईन आधी तोडायची. नाहीतर ती वेडी नक्कल समजते, आज तोच जुना दिवस, आणि जुन्या यादीवरून फोन लावत सुटते. कुणी झोपेत डॉक्टरांनी बंद केलेली गोळी गिळली तर? जीव जायचा. त्यानं लाईन तोडली. पुन्हा तपासली. मग मशीन उठवलं.

उठलं. पडद्यावर पहिल्याच नंबरापुढं आलं, 'फोन लावत आहे.'

"लाव, लाव," तो जांभई देत म्हणाला. "कुठं लागतोय!"

लागला.

मशीनमधली बाई म्हणाली, "औषध घेतलंत का?"

आधी खोकला. ओळखीचा.

"घेतलं गं बाई. झोप तू आता."

आई.

रोज त्या बाईला असंच सांगायची. त्याच शुक्रवारी मध्यरात्री गेली होती ती... आणि आवाजांची डिस्क तर त्यानं आणलीच नव्हती.

त्यानं मशीन बंद केलं. फोन एकच गेला होता. नंबर घरचा. त्यानं बायकोला मोबाईल लावला.

"आईच्या खोलीतला फोन वाजला का गं?"

"वाजला ना! मेल्यानं झोपमोड केली. मी उठेपर्यंत तू उचललासच."

"मी...?"

"मग कोण? खोकलास की. घसा धरलाय का? जेवण गरम करू?"

तो मोबाईल कानाला धरूनच जिन्याकडं धावला.

"अरे... तू बोलतोयस कुठून?"

घरी पोचला तर ती अंगणात उभी, शाल गच्च आवळून. आत जाईना. तोच गेला. दिवा लावला.

खिडकीत आईची गोळ्यांची डबी होती. सात वार, सात कप्पे. आठ महिने तिला हात लावायला कुणी धजलं नव्हतं. शुक्रवारपर्यंतचे कप्पे तिनं संपवलेले. शनिवार, रविवार भरलेले, तसेच झाकून राहिलेले.

रविवार भरलेलाच होता.

शनिवारचं झाकण... उघडं.

आत गोळी नव्हती.